गुरुवारच्या विमानातला ताप

जावयांना ताप भरला शुक्रवारी, पण त्यांच्यावरचा आरोप गुरुवारीच सिद्ध झाला होता. मंगळवारी सकाळी सासरे कुडकुडत उठले, बुधवारी सासूबाईंनी अंथरूण धरलं, गुरुवारी खुद्द त्यांची बायको शिंकायला लागली, आणि हे दुखणं परदेशातून आलंय, ते जावयांनीच आणलंय, यावर सगळ्या घराचं एकमत झालं. एरवी या घरात पंखा किती वेगानं फिरवावा यावरसुद्धा एकमत होत नसे. पुरावाही तसा चोख होता. शनिवारी विमानातून उतरल्यापासून हा माणूस खोकत होता.

"अहो आई, विमानातल्या कोरड्या हवेनं घसा धरलाय," जावई सांगून सांगून थकले.

"मी कुठं काय म्हणतेय?" सासूबाई रजईच्या आतून म्हणाल्या. "तुम्ही आपले वरच जेवा, म्हणजे झालं."

वर म्हणजे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कारण वरच्या खोलीत टेबल नव्हतं. खालून येऊन कोणीतरी ताट तिसऱ्या पायरीवर ठेवायचं, हाक मारायचं आणि पळून जायचं.

ही सगळी हकीकत धाकटीला फोनवरून कळत होती. धाकटी म्हणजे या घरातली लहान मुलगी, जावयांची मेहुणी. छत्तीस वर्षांची, नावापुढे दोन पदव्या, स्वतःचं वेगळं घर, तरी धाकटीच. ती नोकरीला होती विमानतळावर, सामानाच्या गोदामामागच्या एका प्रयोगशाळेत. परदेशातून विमान उतरलं की त्याच्या शौचालयाची टाकी रिकामी करायला एक गाडी येते. त्या गाडीच्या नळाखाली धाकटी लांब दांड्याची बाटली धरायची. बाटलीतल्या पाण्यात कोणकोणते विषाणू आहेत ते हुडकायचं आणि त्यांची जनुकीय अक्षरं यंत्रावर वाचायची, हे तिचं काम. विमानात कोण बसलं होतं ते तिला कधीच कळत नसे. त्यांच्या घशात आणि पोटात कोण बसलं होतं, ते मात्र बरोबर कळे. आपल्याला जगाची बातमी सगळ्यांच्या आधी लागते याचा तिला फार अभिमान होता. जेवताना या नोकरीचा विषय काढायचा नाही, असा आईचा सक्त हुकूम होता.

ताई आणि जावई आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरी सगळे एकत्र जेवले. आई, बाबा, ताई, जावई आणि मावशी. धाकटी तेवढी ड्युटीवर होती, म्हणून वाचली.

शुक्रवारी संध्याकाळी जावयांचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"तुझं ते यंत्र आहे ना, ते माझ्यावर चालव. माझी निर्दोष सुटका कर."

"भावजी, सरकारी यंत्र आहे ते. घरगुती भांडणं मिटवायला नाही."

"मग मी इथंच जिन्यात म्हातारा होतो," जावई म्हणाले आणि बराच वेळ खोकले. ते मुद्दाम खोकताहेत की खरंच, ते काही धाकटीला ठरवता आलं नाही.

पण फोन ठेवल्यावर ती विचारात पडली. प्रवासी उतरलेल्या घरात एकाच आठवड्यात चारजण आजारी पडले, तर त्यांचे नमुने तपासावेत असा प्रयोगशाळेचा नियमच होता. तिनं सरांना विचारलं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, अत्यंत मोजकं बोलणारा आणि मोजकंच हसणारा माणूस.

"नियमात बसतं," सर म्हणाले. "पण नमुने तू घ्यायचे नाहीस. घरच्यांच्या नाकातोंडात काडी घालायला परकं माणूसच बरं."

शनिवारी सकाळी नर्सबाई गेल्या. चौघांच्या लेखी संमत्या घेतल्या, नमुने घेतले आणि परत येऊन म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी काडी दातात धरून ठेवली होती. सोडेचनात." मावशी त्या दिवशी तिथं नव्हती. ती एकटीच, थोड्या अंतरावर राहायची. तिलाही ताप होता, पण नर्सबाईंनी फोन केला तर ती म्हणाली, "मला कशाला उगीच? मी ठणठणीत आहे," आणि तेवढ्या वाक्यात तीनदा शिंकली.

मंगळवारी दुपारी सरांनी धाकटीला यंत्राजवळ बोलावलं. पडद्यावर अक्षरांच्या लांबच लांब ओळी होत्या.

यात घडतं ते असं. विषाणू अंगात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. नक्कल घाईत काढली की एखादं अक्षर चुकतं. पुढची नक्कल त्या चुकीसकट निघते, तिच्यात कधी आणखी एक नवी चूक पडते, आणि अशा चुका साठत साठत विषाणूचा नवा प्रकार तयार होतो. माणूस विमानात बसला की तोही त्याच्याबरोबर बसतो, तिकिटाशिवाय. वाचणाऱ्याला मात्र चुकांवरून सांगता येतं की हा कोणत्या गावचा, कोणाच्या मागून आला.

"हे नऊ बदल बघ," सर म्हणाले. "एकत्र असे आपल्या देशात आजवर दिसलेले नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी पार दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर सापडले, तेवढेच. तुझ्या आईच्या नमुन्यात हे नऊच्या नऊ आहेत. वडिलांच्या, बहिणीच्याही."

"आणि भावजींच्या?"

"त्यांच्या दहा. नऊ हे, आणि एक नवा."

धाकटीच्या लगेच लक्षात आलं. दहावी चूक जावयांकडून घरात पसरली असती, तर ती इतरांतही दिसली असती. ती एकट्या जावयांकडे होती, म्हणजे ते रांगेत बहुधा शेवटचे. ताप त्यांनी आणला नव्हता, त्यांना सासरहून मिळाला होता.

"बिचारे," ती म्हणाली.

"बिचारे राहू देत. पुढचं बघ." सरांनी दुसरी ओळ उघडली. "ही तू स्वतः भरलेली बाटली. त्यांच्या आधी दोन दिवस, गुरुवारी सकाळी उतरलेलं विमान. त्याच किनाऱ्याकडून आलेलं. मोजून बघ."

तिनं मोजले. नऊ होते. पुन्हा मोजले, तरी नऊच.

"तुमच्या घरातलं कोण होतं त्या विमानात?"

"कोणीच नाही, सर. आमच्याकडे पासपोर्ट तरी कोणाकडे आहे? ताईकडे आणि भावजींकडे. ते शनिवारी आले, ते उत्तरेकडून."

"मग चमत्कार झाला म्हणायचा," सर म्हणाले. "पण चमत्काराचा फॉर्म आपल्याकडे नाही. शोध."

धाकटी जागेवर येऊन बसली. आईबाबा पंधरा दिवस घराबाहेर पडले नव्हते. त्यांच्याकडे कोण आलं होतं? रविवारी मावशी. मावशी तर आदल्या आठवड्यात मैत्रिणीकडे आरामाला गेली होती, गावाबाहेर, गुडघ्याला बरं वाटावं म्हणून. ताईनं रविवारच्या जेवणाचा फोटो पाठवला होता, तो धाकटीनं उघडला. जावई तोंडावर रुमाल धरून, आई त्यांच्याकडे संशयानं बघत, बाबा मान खाली घालून जेवणात, आणि मावशी मात्र तोंडभर हसत थेट कॅमेऱ्यात बघत होती. धाकटीनं फोटो मोठा केला. मावशीचं नाक लालबुंद होतं आणि शेंड्यावरची साल निघत होती.

उन्हानं भाजलेलं नाक! आणि इथं तीन आठवडे आभाळ असं भरलेलं होतं, की धुतलेले कपडे वाळत नव्हते.

संध्याकाळी मास्क लावून ती मावशीच्या दारात उभी राहिली. मावशी आईची मोठी बहीण. आई तिला अक्का म्हणायची. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्याला पट्टा, बैठकीच्या भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा. खिडक्या सताड उघड्या टाकून ती आरामखुर्चीत बसली होती.

"ये. लांब बस. ताप उतरलाय माझा, पण तू तुझी लांब बस," मावशी म्हणाली. "जावईबापू कसे आहेत?"

"मावशी, मैत्रिणीकडे ऊन होतं का गं?"

"होतं की. थोडंफार."

"नाकापुरतंच?"

मावशीचा हात नाकाकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. धाकटीनं तिला नऊ चुकांचं सगळं सांगितलं. बाटलीचं, गुरुवारचं, किनाऱ्याचं. मावशी ताकास तूर लागू देत नव्हती, पण चेहऱ्यावर हळूहळू एक निराळीच चमक यायला लागली.

"थांब थांब," ती मध्येच म्हणाली. "म्हणजे दोन पोरांच्या पेपरात एकाच जागी एकच चूक सापडली, तर एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं. आणि ज्याच्या पेपरात एक चूक जास्त, तो मागच्या बाकावरचा."

"अगदी तसंच."

"अशी मी शेकडो पोरं पकडलीत." मावशी खुर्चीत मागे रेलली. "आणि आता मीच सापडले म्हणायची."

"कोणाला सांगणार नाही मी," धाकटी म्हणाली. "तुझी माहिती तुझी, तो आमचा नियमच आहे. पण मला आणि सरांना खरं कळायला हवं. कुठं गेली होतीस?"

मावशी उठली, पट्टा सावरत नकाशापाशी गेली आणि दूरच्या एका खंडाच्या अगदी खालच्या टोकावर बोट ठेवलं.

"इथं. इथं दोन समुद्र भेटतात. एकाचं पाणी निळं, एकाचं हिरवट, आणि मधे रेघ दिसते. आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवायचे मी हे. एकदा मागच्या बाकावरून एक पोरगी उठली आणि म्हणाली, 'बाई, तुम्ही बघितलीये ती रेघ?' सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, 'हो.'" मावशीनं आवाज खाली आणला. "'दोनदा,' असंही म्हणाले."

धाकटीला हसू आवरेना.

"हसू नकोस. बावीस वर्षं ते माझ्या घशात अडकलं होतं. वाटलं, एकदा तरी बघून यावं, म्हणजे निम्मं तरी खरं होईल. तुम्हाला सांगितलं असतं तर तुझ्या आईनं माझा गुडघा, माझं ब्लडप्रेशर, माझं वय असं सगळं काढलं असतं. म्हणून गुपचूप पासपोर्ट काढला."

"आणि रेघ दिसली?"

"दिसली म्हणजे! पण सरळ नाहीये गं ती. वाकडीतिकडी, फेसाची, आणि जागासुद्धा बदलते. मी एकतीस वर्षं फळ्यावर पट्टी धरून काढत होते!" मावशीचे डोळे चमकत होते. "बोटीवर आम्ही नऊजण होतो. दुर्बीण एकच. ती फिरत फिरत सगळ्यांच्या डोळ्याला लागली. एक टोपीवाला होता, सारखा खोकायचा, पण माणूस सज्जन. मला त्यानंच हाताला धरून बोटीत चढवलं. रेघ दिसली तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ओळख ना पाळख!"

"नऊजण कुठकुठले, काही आठवतंय?"

"आठवायचं काय त्यात?" मावशीनं टेबलावरची वही उघडून पुढे केली. आत तिनं हातानं जगाचा नकाशा काढला होता, आणि त्यावर नऊ गोल. कोण कुठल्या शहरातून आला, कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गानं परत जाणार, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. "भूगोलाची शिक्षिका आहे मी. माणूस भेटला की पहिल्यांदा त्याचे अक्षांश-रेखांश विचारते."

धाकटी त्या पानाकडे बघतच राहिली. नवा प्रकार एका बोटीवरून एकाच आठवड्यात सात देशांत कसा गेला असेल, हे शोधायला प्रयोगशाळांना महिने लागतात. इथं तो आयता काढून, रंगवून ठेवलेला होता.

"मावशी, हे सरांना दाखवू?"

"दाखव. पण माझं नाव नको. घरी कळलं तर तुझी आई मला फाडून खाईल."

"नाही कळणार." धाकटी वही पिशवीत ठेवत म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "भावजी मात्र अजून जिन्यात जेवताहेत."

"जिन्यात?"

"शेवटच्या पायरीवर. आई खालूनच हाक मारते. तापाचं सगळं त्यांच्यावरच आलंय ना. त्यांना सोडवावं, तर मग आणला कोणी ते सांगावं लागेल."

मावशी परत खुर्चीत टेकली. धाकटी निघाली तरी ती खिडकीबाहेर बघत बसून होती.

गुरुवारी सकाळी मावशीनं रिक्षा केली आणि थेट आईच्या घरी जाऊन पोचली. आता सगळ्यांना एकच ताप होता, त्यामुळे भेटायला कोणाची हरकत नव्हती. धाकटीला तिनं आधीच बोलावून घेतलं होतं. "साक्षीला ये," एवढंच म्हणाली होती.

मावशी आत आली, कोणाशी न बोलता जिन्याच्या पायऱ्या एकेक करत चढली आणि जावयांच्या शेजारी, त्यांच्या पायरीवर, हुश्श करून बसली. जावई दचकून उठायला लागले.

"बसा, जावईबापू. ही जागा माझी आहे. तुम्ही उगीच अडवून बसलात." मग खाली बघत तिनं खणखणीत आवाजात, वर्गात सांगावं तसं, सगळं सांगितलं. विमान, बोट, दुर्बीण, टोपीवाला. "आणि रविवारी मला घसा दुखत होता तरी मी जेवायला आले. थंड पाणी प्यायलं असेल म्हणाले. तिथं चुकलं माझं. घरी थांबायला हवं होतं."

खाली बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ताईनं नवऱ्याकडे बघून चटकन नजर वळवली. आईचं तोंड मात्र लाल व्हायला लागलं होतं.

"अक्का," ती शेवटी म्हणाली, "मी त्या आठवड्यात तुझ्या मैत्रिणीला पाच वेळा फोन केला. पाचही वेळा ती म्हणाली, अक्का आंघोळीला गेलीये. पाच दिवस तू आंघोळच करत होतीस? मला वाटलं, तुला काहीतरी भलतंसलतं झालंय आणि सगळे माझ्यापासून लपवताहेत. रात्ररात्र डोळ्याला डोळा नव्हता माझ्या!"

"दुसरं काहीतरी सांग म्हणाले होते मी तिला," मावशी पुटपुटली. "तिला खोटं बोलायची सवय नाही."

"तुला आहे ना!"

यावर बाबा हसले. एकदा सुरू झाले ते खोकला येईपर्यंत थांबेनात, मग ताई हसली, आणि आई तणतणत आत निघून गेली.

ताई जिन्यापाशी आली. "या खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "चुकलं आमचं."

जावयांनी हातातली जाडजूड कादंबरी खूण घालून मिटली. "चुकलं तर खरंच," ते म्हणाले. "पण आणखी दोन दिवस दोषी ठेवलं असतंत तरी चाललं असतं. शेवटची साठ पानं राहिलीत. अकरा वर्षांत एवढी शांतता मिळाली नव्हती मला."

त्या दुपारी सगळे टेबलाशी जेवले. आई वाढत होती, पण मावशीच्या ताटात वाढताना डाव जरा जोरात आपटत होती.

इकडे मावशीची वही हाती आल्यावर सर चक्क हसले होते. वहीतल्या देशांमधल्या प्रयोगशाळांना त्यांनी त्याच दिवशी कळवलं, की हे नऊ बदल दिसताहेत का ते बघा. तीन आठवड्यांत चार ठिकाणांहून उत्तरं आली. दोन देशांत हा प्रकार एकेका घरापुरताच होता. तिसऱ्यात दोन शहरांत पोचला होता, कारण वहीत लिहिल्याप्रमाणे टोपीवाला तिथं उतरून पुढे रेल्वेनं गेला होता. चौथ्यात अकरावी चूकही पडून झाली होती. ताप सौम्य होता, जास्त कोणाला इस्पितळात जावं लागलं नाही. पण तो कोणत्या वाटेनं फिरला ते इतक्या लवकर कधीच कळलं नव्हतं. अहवालात मावशी 'प्रवासी क्रमांक एक' झाली. तिनं संमतीपत्र भरलं, पण 'प्रवासाचं कारण' या चौकटीत काम, नातेवाईक, उपचार आणि पर्यटन यांपैकी कशावरच खूण केली नाही. बाजूला लिहिलं, 'खात्री करणे.' सरांनी ते तसंच ठेवलं.

आई अक्काशी अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी, ताई आणि जावई परत जायच्या आदल्या दुपारी, तिनं स्वतःहून फोन लावला. धाकटी शेजारीच बसून शेंगा सोलत होती. आधी गुडघ्याची चौकशी झाली, मग औषधांची, मग मैत्रिणीला चार शब्द सुनावून झाले. आणि मग आई फोन दुसऱ्या कानाला लावत, धाकटीकडे पाठ करून, हळूच म्हणाली, "बरं, बोटीत चढायला किती पायऱ्या होत्या गं? आणि हाताला धरायला कठडा बिठडा होता का?"